नसलेल्या नवऱ्याची संमती

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मला नवरा असल्याचे कळले.

सकाळी काळजी विभागाच्या संकेतस्थळावर माझ्या अर्जाचे काय झाले ते पाहायला गेले, तर तिथे पिवळ्या पट्टीत लिहिले होते : ‘आपल्या जोडीदाराच्या संमतीची प्रतीक्षा आहे.’ मी चष्मा पुसला. पट्टी तशीच. सत्तरी उलटेपर्यंत मी ज्याच्याशिवाय जेवले, झोपले, नोकरी केली, निवृत्त झाले, गळके छप्पर दुरुस्त करून घेतले, त्याच्या होकारावाचून आता माझे काम अडले आहे.

ही वही एवढ्यासाठीच काढली. भांडण होणार हे दिसतेच आहे, आणि भांडणात तारखा लागतात.

मुद्दा असा. खडू ही माझी शाळेतली मैत्रीण. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात आमच्या खाटा शेजारी शेजारी. आठवीत असताना ती फळ्यामागे खडू खाताना सापडली. ओठ पांढरेफेक, आणि सिस्टरला म्हणाली, “मी काहीच खाल्लं नाही.” तेव्हापासून खडू. डिसेंबरात ती न्हाणीघरात घसरली, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. आता शुश्रूषागृहात आहे, वॉकर धरून चालते. नवरा फार पूर्वी गेला, मूलबाळ नाही. एक पुतण्या आहे, तो परदेशातून फोनवर ‘तुम्हांला योग्य वाटेल ते करा’ एवढेच म्हणतो. शुश्रूषागृहातली खाट या महिनाअखेरीला सोडावी लागणार. त्यानंतर रस्ते दोनच. कोणीतरी तिला आपल्या घरी नेऊन सांभाळायचे, नाहीतर विभाग तिला कायमच्या निवासात धाडणार. ते निवास इथून रात्रभराच्या प्रवासावर आहे. तिथे गेलेली माणसे भेटायला नंतर कोणी जात नाही. जाऊ जाऊ म्हणतात.

म्हणून मी सांभाळायचा अर्ज केला. अर्ज फक्त संगणकावर घेतात. त्यात ‘जोडीदाराचे नाव’ असा रकाना होता आणि खाली बारीक अक्षरात ‘नसल्यास रिकामे सोडावे’. मी सोडले. एवढाच माझा गुन्हा.

मला सोबत हवी म्हणून हे चालले आहे, असे कोणी समजू नये. मला एकटे राहायची उत्तम सवय आहे. मागच्या खोलीला नवे पडदे शिवले, ते जुने विटले होते म्हणून.

५ फेब्रुवारी, बुधवार

विभागाच्या कचेरीत जाऊन आले. खिडकीत एक बाई होती. गोड बोलणारी. गोड बोलणाऱ्यांचा मला आधीच संशय येतो.

“आजी, सिस्टिममध्ये तुमचे मिस्टर दिसतायत.”

“कसे दिसतात? उंच आहेत का?”

तिने खरोखरच वाकून पडद्याकडे पाहिले. “नाव दिसत नाहीये. पण आहेत.”

“नाव नाही, गाव नाही, मग आहेत हे कशावरून?”

“जोडीदारासमोर ‘होय’ आलंय ना.”

मग तिने सांगितले की पूर्वी अर्जात ‘विवाहित की अविवाहित’ असा सरळ प्रश्न असे. लोकांना तो अपमानाचा वाटतो म्हणून गेल्या वर्षी काढला. आता नावाच्या रकान्यावरून सिस्टिम आपले आपण ओळखते.

“ओळखलं ते हे!”

“तुम्ही असं करा ना आजी, मिस्टरांचं निधन झालं असं टाका. विधवांचं काम लगेच होतं.”

“मी कोणालाही मारणार नाही. आणि मला आजी म्हणू नका. आजी व्हायच्या आधी बऱ्याच गोष्टी व्हाव्या लागतात, त्यातली एकही झालेली नाही.”

मागे रांगेत कोणीतरी फिसकन हसले.

“मग वडिलांचं नाव टाका. बऱ्याच जणी टाकतात.”

“वडिलांना नवरा करू?”

यावर तिने पुढच्या माणसाला हाक मारली. साहेब सही करून मोकळे का करत नाहीत, असे मी जाता जाता विचारले. सिस्टिमने हिरवा रंग दाखवल्याशिवाय साहेबांची सही उमटतच नाही म्हणे. म्हणजे साहेबसुद्धा माझ्यासारखेच. कोणाच्या तरी परवानगीत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

खडूला सगळे सांगितले. वाटले होते काळजी करेल.

“तुझं लग्न झालं आणि मला बोलावलं नाहीस?”

“मलाही कोणी बोलावलं नव्हतं.”

“काय करतो तो?”

“काहीच नाही.”

“बोलतो का?”

“अजिबात नाही.”

“जपून ठेव,” खडू म्हणाली. “मला असा मिळाला नव्हता.”

शेजारच्या खाटेवरच्या बाई भिंतीकडे तोंड करून हसत होत्या. नर्सने दम दिला, तर खडू तिलाच म्हणाली, “माझ्या मैत्रिणीचं नवीन लग्न झालंय हो, जरा उत्साहात आहे.”

चालते मात्र वाईट. वॉकर पुढे टाकते आणि मग पायाला विनवण्या केल्यासारखी थांबते. मी खिडकीबाहेर पाहिल्याचे नाटक केले. तिने ते ओळखले असणार. ती खडू आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

डोके चालवले आणि घोटाळा वाढवला. खरे ते लिहायचे ठरवले आहे, म्हणून लिहिते.

शाळेत आम्हांला शिकवले होते की कागदावर जागा रिकामी सोडायची नाही. सिस्टर म्हणत, रिकाम्या जागेत उद्या कोणीही काहीही लिहील; तिथे आडवी रेघ मारा. मी आयुष्यभर रेघा मारल्या. बँकेत, वेधशाळेत, इच्छापत्रातसुद्धा. शनिवारी अर्ज पुन्हा उघडून त्या रकान्यात एक सुबक रेघ मारून दिली. आता तरी कळेल, म्हटले.

आज टपालाने पत्र आले. पाकिटावर : ‘श्री. – यांस’. आत : ‘प्रिय श्री. –, आपल्या पत्नीने केलेल्या अर्जास आपली संमती आवश्यक आहे. आपल्या पत्नीला सहकार्य करावे.’

आतापर्यंत निनावी होते, आता त्यांचे बारसेही मीच केले.

पोस्टमनने विचारले, “हे कोण?” मी म्हटले, “आमचे हे.” तो चमकला. गेली कितीतरी वर्षे तो या जिन्याने चढतो आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

घर पाहायला विभागाचा माणूस आला. हातात टेप. बुटक्या अंगाचा, सभ्य, बूट बाहेर काढून आत येणारा. खोल्या मोजल्या, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का पाहिले (आहे, गेल्याच महिन्यात बसवली), मागच्या खोलीतली खाट, तिची उंची, पडदे, सगळे पाहिले. पडद्यांबद्दल चांगले बोलला. मला वाटले, झाले काम.

मग दारात उभा राहून म्हणाला, “घर छान आहे बाई. पण नियमानं ही जागा दोन मोठ्या माणसांपुरती आहे.”

“दोनच तर आहोत. मी आणि ती.”

“तुम्ही, तुमचे यजमान आणि त्या. तीन होतात.”

“तुम्ही आत्ता सगळं घर पाहिलंत. यजमान दिसले?”

“नाही,” तो प्रामाणिकपणे म्हणाला.

“त्यांचा टूथब्रश? चपला?”

“नाही दिसल्या. पण बाई, मी दिसलेलं लिहीत नाही हो. मला फक्त लांबीरुंदी भरायला जागा आहे. माणसं आधीच भरून येतात.”

त्याच्या यंत्रावर तो आकडा मला दाखवलासुद्धा. बदलता येत नाही. तो बिचारा बूट घालताना दोनदा ‘सॉरी’ म्हणाला.

तर आता हा प्रकार संमतीपुरता राहिलेला नाही. जो कधी जन्मलाच नाही तो खडूच्या खाटेवर पाय पसरून झोपला आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल रागाने जेवले नाही. आज दुप्पट जेवले. राग उपाशीपोटी टिकत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

खालच्या मजल्यावर घड्याळे दुरुस्त करणारे गृहस्थ राहतात. दुकान मुलाला दिले, तरी डोळ्याला भिंग लावून खिडकीशी बसतात आणि शीळ घालतात. सगळी इमारत त्यांना घड्याळजी म्हणते. बायको जाऊन दहाएक वर्षे झाली. अधूनमधून माझे भिंतीवरचे घड्याळ न्यायला येतात. ते बिघडलेले नसते, तरी नेतात. सवय.

आज संध्याकाळी आले. शर्टाला कडक इस्त्री. कुठल्या समारंभाला निघाले होते कोण जाणे. पोस्टमनने पत्राची बातमी सगळीकडे केलेली दिसते.

“बाई, तो रकाना... त्यात माझं नाव चालेल का?”

“चालेल का म्हणजे?”

“म्हणजे, मी सही करीन. आजच्या आज. आणि माझं घर तळमजल्यावर. तुमच्या मैत्रिणीला जिना चढायला नको. तिन्ही खोल्या हवेशीर आहेत. मी कोपऱ्यात मावतो. मला जागा फार लागत नाही.”

मी म्हटले, “घड्याळजी, तुम्ही माझ्यासाठी खोटं लिहिणार?”

ते जरा वेळ कपाच्या कानाशी खेळत बसले. मग म्हणाले, “खोटंच असलं पाहिजे असं काही नाही.”

म्हणजे काय? कागदावर रीतसर नोंद करू, असेच ना? मी सांगितले, तुमचा व्यवहारीपणा मला मान्य आहे, पण मी या लोकांपुढे वाकणार नाही. मला नवरा नाही हे खरे आहे, आणि जे खरे आहे ते त्यांनी खरे म्हणून लिहून घेतले पाहिजे. ते “बरोबर आहे” म्हणाले आणि चहा अर्धा टाकून गेले. घड्याळ न्यायचे विसरले.

मदतीला धावून आले हे मात्र कौतुकाचे. असे शेजारी मिळत नाहीत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज ज्या डोक्यातून हा अर्ज निघाला ते डोके शोधून काढले. खिडकीतली बाई ‘वर कोणाला सोडत नाहीत’ म्हणाली. मी तिथल्याच बाकावर डबा उघडून बसले. दुपारी तिसऱ्या मजल्यावरून एक बाई स्वतःच खाली आली. चाळिशीची, केसांत पेन्सिल खोचलेली, डोळ्यांखाली काळे. हिनेच ही सिस्टिम बांधली. आता एकटीच सांभाळते, बाकीचे नोकऱ्या सोडून गेले.

“मॅडम, तुमच्यामुळे खाली रांग अडलीये.”

“माझ्या नवऱ्यामुळे माझी अडलीये. तो तुमच्याकडून आलाय.”

ती मला वर घेऊन गेली. अर्ज उघडला, आणि कपाळाला हात लावून म्हणाली, “अरे देवा. रिकामा मजकूर.”

“मला कळेल असं सांगा. मी वेधशाळेत होते, अगदीच अडाणी नाही.”

मग तिने सांगितले. माणूस रकाना रिकामा सोडतो. पण अर्ज पाठवताना तो रकाना पाठवायचा राहत नाही. तोही जातो, आत शून्य अक्षरे घेऊन. कोरे पत्र घातलेल्या पाकिटासारखा. इकडे तो आत घेताना ‘हे पाकीट कोरे आहे, म्हणजे काही आलेच नाही’ अशी नोंद करायला हवी. त्या काहीच-नाहीला हे लोक ‘नल’ म्हणतात. ते करायचे राहून गेले. आणि पुढे अट लिहिली ती अशी : जोडीदाराच्या नावाच्या जागी नल आहे का? नसेल, तर जोडीदार आहे.

“म्हणजे पाकीट आलं, म्हणून माणूस आला.”

“हो.”

“बाई,” मी म्हटले, “आमच्याकडे पर्जन्यमापकात पाणी नसलं तर आम्ही शून्य लिहायचो. आणि निरीक्षक आजारी पडून मोजायलाच कोणी गेलं नाही, तर तिथे फुली. या दोन्हींची गल्लत केली की नकाशावर दुष्काळ दिसतो, आणि प्रत्यक्षात एक माणूस तापानं फणफणलेला असतो. हे आम्हांला पहिल्या आठवड्यात शिकवायचे.”

“आम्हांलाही शिकवतात,” ती चिडून म्हणाली. “पण तुमच्याकडे ‘परवापर्यंत करून द्या’ म्हणणारा साहेब नसेल.”

“होता. त्याला मी थांबवायची.”

यावर ती हसली नाही, पण खुर्ची पुढे सरकवली. मी विचारले, हे एकट्या माझ्याच रकान्याचे आहे का. म्हणाली, सगळीकडे तेच, प्रत्येक रकान्याला. मग काहीतरी टाइप करून पडद्याकडे बघत राहिली. माझ्यासारख्या बऱ्याच निघाल्या. एकट्या बायका, एक-दोन पुरुष, सगळे कोणाच्या तरी संमतीची वाट बघत बसलेले. सगळ्यांना तिने घरबसल्या जोडीदार मिळवून दिले होते.

“मी दुरुस्ती आजच लिहिते. पण बदल चालू होतात ते महिन्याच्या पहिल्या शनिवारी. त्याआधी कोणालाच हात लावू देत नाहीत.”

पहिला शनिवार म्हणजे एक मार्च. खडूची खाट अठ्ठावीसला जाते. एका दिवसाने.

“आणि तुमच्या बाबतीत आणखी एक,” ती म्हणाली. “तुम्ही तिथे रेघ मारलीये. दुरुस्ती झाल्यावर कोरी पाकिटं जातील, पण तुमचा नवरा राहील. त्याला तुम्ही नाव दिलंय.”

तिथेच बसून रेघ खोडली. सिस्टर, माफ करा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज स्वतःवर शंका आली. ती इथे लिहून ठेवते, बाहेर कोणाला सांगणार नाही.

‘निधन’ असे टाकले असते तर खडू एव्हाना घरी असती. घड्याळजींची सही घेतली असती तरी असती, आणि तळमजल्यावर. मी खरेपणासाठी भांडते आहे की नाकासाठी? नाक माझे, आणि बसमधून रात्रभर हेलकावे खात जाणार ती. खुबा तिचा.

खाली शीळ ऐकू येत नाही. तीन दिवस झाले. घड्याळजींची तब्येत बरी नसावी. सूप द्यायला गेले, तर दारातूनच घेतले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सरळ खडूलाच विचारले. तिच्या आयुष्याचा प्रश्न, मी कोण ठरवणारी? घड्याळजींचा देकारही सांगितला, इस्त्रीच्या शर्टासकट.

तिने मला मध्येच थांबवले. “तो असं म्हणाला? ‘खोटंच असलं पाहिजे असं नाही’?”

“हो. व्यवहारी माणूस आहे.”

“देवा, हिला बुद्धी दिलीस आणि डोळे द्यायचे विसरलास,” खडू म्हणाली. हे तिने का म्हटले कळले नाही. माझी नजर मोतीबिंदूनंतर उत्तम आहे.

मग ती गंभीर झाली. “हे बघ. मला तुझ्याकडे यायचंय. त्या निवासात मला जायचं नाही, मी घाबरते. हे एकदाच सांगते, पुन्हा विचारू नकोस. पण माझ्यासाठी तू खोटं लिहिलंस तर तू मला जन्मभर ऐकवशील. लग्न केलंस तर त्याहून जास्त. मी दुसरा खुबा मोडून घेईन, पण ते नको.”

“मग करू काय? तो संमती देत नाही.”

“नाही म्हणालाय?”

“काहीच म्हणत नाही.”

“मग झालं की. मौन म्हणजे संमती. तुझ्या त्या संगणकाला एवढंही कोणी शिकवलं नाही?”

ती हे गमतीने म्हणाली. मी मात्र उठून उभी राहिले. नर्सला वाटले वेळ संपली म्हणून निघाले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी अंघोळ करून, केस विंचरून, टेबलाशी बसले. असली कामे पारोशाने करू नयेत.

जोडीदाराने संमती कुठे द्यायची त्याचा दुवा विभागाने पहिल्याच दिवशी पाठवला होता. नवऱ्याच्या ईमेलचा रकानाही रिकामा, म्हणून तो माझ्याच पत्त्यावर आला. इतके दिवस मी तो अपमान म्हणून उघडला नव्हता.

उघडला. तीन रकाने. पहिला : ‘सही म्हणून आपले पूर्ण नाव लिहावे (नाव अर्जातील नावाशी जुळणे आवश्यक)’. दुसरा : दिनांक. तिसरा : ‘आपला राहण्याचा पत्ता’.

संगणकवाल्या बाईंचे ‘सगळीकडे तेच’ मनात घोळत होते. रिकामे नाव जर यांच्या लेखी नाव असेल, तर रिकामी सही ही सही का नाही? मी तिन्ही रकाने जसे होते तसे ठेवले. काही लिहिले नाही. फक्त ‘पाठवा’वर बोट ठेवले.

चक्र फिरले. थांबले. आणि हिरव्या पट्टीत आले :

‘सही नावाशी जुळली. श्री.    , आपल्या संमतीबद्दल आभार.’

खाली दुसरी ओळ : ‘आपला पत्ता अर्जदाराच्या पत्त्यापेक्षा वेगळा असल्याने आपण स्वतंत्र राहता अशी नोंद घेण्यात आली आहे.’

गेला! खडूची खाट सोडून, एक शब्द न बोलता, आपण होऊन निघून गेला. नवरा म्हणून तसा गुणी होता.

मी एक अक्षर खोटे लिहिलेले नाही. मी अक्षरच लिहिलेले नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पण लपवणार नाही. लपवायचे असते तर ‘निधन’च टाकले असते. केले ते सगळे, जसेच्या तसे, संगणकवाल्या बाईंना आणि त्यांच्या साहेबांना लिहून पाठवले. शेवटी लिहिले : ‘तुमच्या नियमाने कोरे पाकीट म्हणजे माणूस. मी तुमचाच नियम पाळला आहे. चूक वाटत असेल तर आधी माझा नवरा काढा, मग त्याची संमती. याच क्रमाने. उलटा क्रम मी मानणार नाही. आणि बाकीच्या बायका थांबल्या आहेत त्यांचे काय, ते कळवावे.’

२४ फेब्रुवारी, सोमवार

संगणकवाल्या बाईंचा फोन.

“मावशी, तुम्ही काय केलंत हे?”

गेल्या सोमवारी मॅडम होते, आज मावशी. मी हरकत घेतली नाही.

“जे तुमच्या सिस्टिमनं करू दिलं ते.”

मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला खोकला आला. साहेब आधी भडकले, म्हणाली. अर्ज रद्द करा म्हणाले. ती म्हणाली, कुठल्या कारणानं? सही कोरी आहे म्हणून? मग नावही कोरं आहे हे कबूल करावं लागेल, आणि नाव कोरं असेल तर सहीची गरजच नव्हती. साहेबांनी दोन्हीकडून विचार करून पाहिला. दोन्हीकडे दार बंद. शेवटी म्हणाले, राहू दे मंजूर. आणि एखाद्या वर्तमानपत्रवाल्याचा नंबर माझ्याकडे आहे का, असे त्यांनी हळूच विचारले म्हणे. नाही, पण ते त्यांना सांगू नका, असे मी सांगितले.

“बाकीच्यांचं?”

“साहेबांनी खास सही केली. दुरुस्ती शनिवारपर्यंत थांबत नाही. गुरुवारी लावतेय. सगळे जोडीदार एकदम जातील.”

“रडू नका,” मी म्हटले, कारण ती नाक ओढत होती. म्हणाली, सर्दी आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

खडू आली.

रुग्णवाहिका दारापर्यंत आली, पण जिना कोण चढवणार? घड्याळजी आणि त्यांचा मुलगा आधीच उभे. खुर्चीत बसवून दोघांनी वर आणले. खडू वरून हुकूम सोडत होती, “डावीकडे! माझ्या डावीकडे, तुमच्या नव्हे!” जिन्याच्या भिंतीला नवा लाकडी कठडा लागलेला मी तेव्हाच पाहिला. गेले चार दिवस खाली ठोकाठोक चालली होती ती हीच. मी वरून ओरडून एकदा तक्रारही केली होती. विचारले, याचा खर्च? घड्याळजी म्हणाले, “लाकूड पडून होतं.” नवे कोरे सागाचे लाकूड घरात पडून असते म्हणे.

खडूने त्यांचा हात धरून सांगितले, “रोज संध्याकाळी चहाला यायचं.”

“रोज कशाला?” मी म्हटले. “त्यांना कामं असतात.”

“तू गप्प बस. मी माझ्या वतीनं बोलावतेय.”

ते “येईन” म्हणाले आणि जिना उतरताना शीळ घालत गेले. बरे वाटलेले दिसते.

दुपारी अर्ज उघडून पाहिला. जोडीदारासमोर ‘नाही’. पाच मिनिटे नुसती बघत बसले. इतका सुंदर शब्द मी बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता.

१ मार्च, शनिवार

खडू पहाटे उठते, हे मी विसरले होते. वॉकरचा ठकठक आवाज, मग हाक, “ए, चहा!” चहा दिला तर घोटभर घेऊन तोंड वाकडे.

“हा चहा आहे? शुश्रूषागृहात तरी बरा मिळत होता. आणि हे पडदे! हिरवे? मला हिरवा आवडत नाही, माहीत आहे तुला. तो रेडिओ किती मोठ्यानं लावतेस. नको बाई, मला आपलं परत पाठव.”

“अर्ज कर,” मी म्हटले. “संगणकावर. रीतसर.”

ती हसायला लागली. हसताना तिला खुब्यात कळ येते, आणि कळ आली की तिला आणखीच हसू येते. शेवटी खाटेच्या कडेला बसून तिला दोन्ही हातांनी धरून ठेवावे लागले. डॉक्टरांनी तसे काही सांगितलेले नाही, पण मी बराच वेळ धरून बसले. चहा गार झाला तो झालाच.